पायपेटीचं बटण

कोथरूडमधल्या एका विरंगुळा केंद्रात महिन्यातले दोन रविवार दुपारी चारला टीव्हीवर नाटक लावतात. गेल्या जूनमध्ये तिथं मी मुद्रित केलेला एका संगीत नाटकाचा प्रयोग लावला होता. पहिला अंक निम्मा झाला नसेल, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या एक काकू मागे वळून म्हणाल्या, "अगं, ती पायपेटी जरा कमी नाही का होणार? आवाज येतोय गं, पण बोललेलं कळत नाही." मी तोंड उघडायच्या आत त्यांच्या पलीकडचे काका म्हणाले, "पेटी कमी केलीत तर मी निघालो घरी. नाटक लावलंय की बातम्या?"

दोघांचंही बरोबर होतं. वयोमानानं ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या कंप्रतांचं (फ्रिक्वेन्सींचं). अ, आ, ओ यांचा दम खालच्या कंप्रतांत असतो, तो कानापर्यंत पोचतो. स, श, त, थ, क यांची धार साधारण दोन ते आठ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, ती पोचत नाही. म्हणून काकूंचं वाक्य शब्दशः खरं होतं: आवाज येतो, कळत नाही. टीव्ही मोठा केला तर बोलण्याबरोबर पेटीही मोठी होते आणि उरलीसुरली व्यंजनं झाकते. काकांचे कानही काही तरुण नव्हते, पण त्यांना त्या नाटकाचं गद्य पाठ होतं. ते आले होते पदं ऐकायला. एकाच खोलीत, एकाच स्पीकरसमोर, दोन माणसांना एकाच नाटकाची दोन वेगळी मिश्रणं हवी होती.

त्यानंतरचे चार महिने मी हे कसं सोडवलं, कुठे तोंडघशी पडले, त्याचं हे टिपण. नाट्यसंस्थेची परवानगी होती आणि केंद्र चालवणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या संघाकडे पैसे नव्हते, या दोन गोष्टी आधीच सांगून टाकते.

कागदावर उत्तर तयार आहे

नेहमीचा टीव्हीचा आवाज म्हणजे कालवलेला दहीभात. मीठ जास्त पडलं तर पडलं, ते आता निघत नाही. ऑब्जेक्ट-आधारित ध्वनी पंगतीसारखा असतो. बोलणं, संगीत, प्रेक्षक हे सगळं वेगवेगळं पाठवतात, आणि सोबत वाढप्यासाठी सूचना जातात: हा आवाज इतक्या जोरात, या बाजूला, ऐकणाऱ्याला हवं तर इथपासून इथपर्यंत कमी-जास्त करू द्या. कालवण्याचं काम घरातल्या यंत्रात होतं. मर्यादा मात्र मिश्रण करणारा आधीच ठरवून देतो, हे महत्त्वाचं. पानात मीठ वेगळं वाढलं म्हणून कोणी मूठभर खाऊ नये, एवढी काळजी आचारी घेतो.

ही काही स्वप्नातली गोष्ट नाही. बीबीसीनं २०११च्या विम्बल्डनला, जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेबरोबर, इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांना समालोचन आणि मैदानाचा आवाज यांचं प्रमाण स्वतः ठरवू दिलं होतं. एमपीईजी-एच थ्रीडी ऑडिओ हे मानक २०१५मध्ये आलं आणि दक्षिण कोरियात मे २०१७पासून ते प्रत्यक्ष प्रक्षेपणात वापरलं जातंय. डॉल्बी कंपनीचं एसी-४ हे मानकही हेच करू शकतं. जुन्या यंत्रांचा विचारही या मंडळींनी केलाय. डॉल्बी डिजिटल प्लसमधून ॲटमॉस, म्हणजे डॉल्बीचा ऑब्जेक्ट-आधारित आवाज, पाठवतात तेव्हा आत एक साधा ५.१चा (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) गाभा असतो, आणि त्यासोबत ऑब्जेक्ट पुन्हा वेगळे काढायची माहिती. जुना डिकोडर (आलेला आवाज उलगडणारा भाग) ती माहिती सोडून देतो आणि गाभा वाजवतो. एमपीईजीचं २०१०चं एसएओसी हे मानकही याच धर्तीवर चालतं.

इथं मी स्वतः बरेच दिवस एक घोटाळा करत होते. 'जुन्या यंत्राशी सुसंगत' याचा अर्थ एवढाच की जुनं यंत्र मुकं होणार नाही. निवड जुन्या यंत्राला मिळत नाही. काकूंच्या टीव्हीला गाभा वाजवता आला असता, पण गाभा म्हणजे पुन्हा कालवलेला भातच. म्हणजे प्रश्न असा होता की, टीव्हीला बटण नसेल तर बटण कुठे ठेवायचं?

हॉलमध्ये काय होतं

दहाएक वर्षांचा बत्तीस इंची एलईडी टीव्ही: एक यूएसबी, दोन एचडीएमआय, एक ऑप्टिकल आउट, एक हेडफोनचं भोक. कोणाकडून तरी आलेला डीव्हीडी प्लेअर, ज्याचा रिमोट हरवला होता. आणि भिंतीवर चार कॉलम स्पीकर, कपाटावर एक मिक्सर-ॲम्प. हा तोच, जो कुठल्याही गणपतीच्या मांडवात दिसतो: चार माइकची बटणं, एक ऑक्सचं (टीव्ही-मोबाइलसारख्या यंत्राचा आवाज घेणारं), एक मास्टर. वर पत्र्याचं छत. जुलैत पावसाची सर आली की कुठल्याच तंत्रज्ञानाचं काही चालत नसे, चहा आधी घ्यायचा.

पहिल्या फेरीत मी नाटक नेलंच नाही. पेनड्राइव्हवर नुसत्या चाचणीच्या फायली नेल्या, ज्यात माझाच आवाज "डावा… उजवा… मधला…" असं म्हणत होता. अशी फाईल दहा मिनिटांत होते आणि दहा दिवसांचे तर्क वाचवते. एसी-३, एएसी, डीटीएस हे फायलीत आवाज साठवायचे वेगवेगळे प्रकार. यूएसबीवरून एसी-३ दिलं तर ऑप्टिकलमधून ५.१ नीट बाहेर आलं. एएसी ५.१ दिलं तर टीव्हीनं गुपचूप त्याचं दोन चॅनेल करून टाकलं. डीटीएसला टीव्हीनं 'ऑडिओ समर्थित नाही' म्हणून हात वर केले. एमकेव्ही फायलीत दोन ऑडिओ ट्रॅक ठेवले तर रिमोटवरच्या बटणानं ते बदलता आले, पण पडद्यावर ट्रॅकचं नाव येईना, फक्त भाषेचं येई. माझे 'साधं' आणि 'स्पष्ट' हे दोन्ही ट्रॅक तिथं 'मराठी' आणि 'मराठी' असे दिसले.

सरळ मार्ग एक होता. एक छोटा संगणक ठेवायचा, त्यात बोलणं, साथ, प्रेक्षक असे तीन ट्रॅक, त्याला तीन बटणं, आणि त्यानं मिश्रण करून टीव्हीला साधा स्टिरिओ द्यायचा. जगात जुन्या टीव्हीला नवं काही शिकवायचं असेल तर सेट-टॉप बॉक्सनं हेच करतात आणि तेच शहाणपणाचं आहे. मी मांडणीही केली. संघाचे कार्यवाह सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "छान आहे. तू नसशील त्या रविवारी हे कोण चालू करणार?" तो संगणक परत माझ्या घरी गेला.

मग माझं लक्ष कपाटावरच्या ॲम्पकडे गेलं. चार माइकची बटणं, एक ऑक्सचं. वेगवेगळे आवाज आत घ्यायचे, प्रत्येकाला एक बटण, बाहेर एक मिश्रण. ऑब्जेक्ट कालवणारं यंत्र इतकी वर्षं त्या कपाटावरच बसलं होतं. सगळ्यांना ते चालवताही येत होतं, कारण हळदीकुंकवापासून योगासनांपर्यंत तेच वापरात होतं.

कल्पना साधी: डाव्या चॅनेलमध्ये बोलणं, उजव्यात बाकी सगळं. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून डावा ऑक्सला, उजवा माइकच्या चौथ्या बटणाला. स्टिरिओ जातो, पण हॉल तसाही मोनोच होता, चारही कॉलम एकच आवाज ओकतात. माइकच्या इनपुटला काही मिलिव्होल्टची सवय असते, टीव्हीतून येतो त्याच्या शंभरपट. तपकीर गल्लीतून एक दहा किलोओहमचा आणि एक शंभर ओहमचा रेझिस्टर आणला. दोन्हींनी मिळून व्होल्टेज विभागलं की पातळी साधारण चाळीस डेसिबलनं खाली येते. चहाच्या पैशांत काम झालं. बटणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या: 'बोलणं' आणि 'पेटी-तबला'.

तबलजी चहाला गेला?

यंत्राचं इथं संपलं असं मला वाटलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं, कारण 'बोलणं' म्हणजे काय हेच ठरेना.

माझ्याकडे चौदा माइक होते: पाच फूटमाइक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले), तीन कॉलरचे, दोन पेटीला, दोन तबल्याला, दोन प्रेक्षकांकडे तोंड करून. पहिल्या मिश्रणात मी गळ्यातून येणारं सगळं डावीकडे टाकलं आणि साथ उजवीकडे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी 'पेटी-तबला'चं बटण काकूंच्या सोयीसाठी अगदी खाली होतं. गद्य स्वच्छ. काकू खूश. मग पद सुरू झालं आणि नायिका एकदम उघडी पडली. ठेका नाही, भरणा नाही, नुसता गळा. काका म्हणाले, "काय गं, तबलजी चहाला गेला का?" मजा अशी की काकूही वळल्या. त्यांनाही पदात तबला हवाच होता. त्यांची तक्रार गद्याखाली वाजणाऱ्या पेटीबद्दल होती, पेटीबद्दल कधीच नव्हती.

त्याहून सूक्ष्म दोन जागा त्याच दिवशी सापडल्या. पदाच्या आधी पेटीवाले स्वर देतात, बोलणं चालू असतानाच खालून सूर भरतात. मिश्रण करणाऱ्याच्या हिशेबात ती 'गद्याखालची पेटी', म्हणजे काढून टाकायची. पण ती गेली तर नट बोलता बोलता अचानक कुठल्या तरी पट्टीत गायला लागतो, आणि हा सूर आला कुठून, कळत नाही. दुसरी जागा वन्स मोअरची. प्रेक्षकांचा आवाज मी उजवीकडे टाकला होता, तो बटणाबरोबर गेला. त्यामुळे पद संपलं, क्षणभर शांतता, आणि बाईंनी तेच पद पुन्हा पहिल्यापासून गायला घेतलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पेनड्राइव्ह अडकला बहुतेक." वन्स मोअरचा गलका ऐकू आला नाही तर नाटक खरंच अडकल्यासारखं दिसतं.

बीबीसीनं २०१९मध्ये एका रुग्णालय-मालिकेच्या भागावर एक प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक आवाजाला 'गोष्ट कळायला हा किती गरजेचा' अशी पायरी दिली होती आणि प्रेक्षकाच्या हातातलं बटण त्या पायऱ्यांवर चालत होतं. बोलणं विरुद्ध बाकी, अशी सरळ फाळणी तिथं नव्हती. मी ते वाचलं होतं, पण मुरलं नव्हतं. मुरलं ते पेनड्राइव्ह अडकल्यावर. काय ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं हे नाटकाच्या प्रत्येक क्षणी बदलतं, आणि ते ठरवायला नाटक कळणारा माणूस लागतो. कुठलंही बटण ते ठरवू शकत नाही.

पण माझं बटण तर कपाटावरचं, लोखंडी. एमपीईजी-एचच्या फायलीत मर्यादा लिहिता येते, ॲम्पला कोण सांगणार की आता पद आहे, शून्यावर जाऊ नकोस? यावरचं उत्तर मला खूप आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साथ पूर्ण उजवीकडे टाकण्याऐवजी ती दोन्हीकडे वाटली. पदात साथीचा ०.७ भाग डावीकडे, ०.३ उजवीकडे. ॲम्पमध्ये दोन्ही एकत्र होतात. दोन्ही बटणं सारखी असतील तर ०.७ अधिक ०.३ बरोबर एक, म्हणजे मूळ मिश्रण जसंच्या तसं. कोणी उजवं बटण पूर्ण बंद केलं तरी ०.७ उरतोच, म्हणजे साथ तीन डेसिबलनं उतरते, त्याखाली जाऊच शकत नाही. गद्यात वाटणी ०.२५ आणि ०.७५, म्हणजे बटण बंद केलं तर पेटी बारा डेसिबल खाली. प्रेक्षक एरवी ०.१ डावीकडे, वन्स मोअरला ०.७. पदाआधीचा सूर ०.५. आणि हे प्रमाण नाटकभर बदलत राहिलं तरी दोन्ही बटणं सारखी ठेवणाऱ्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही, कारण बेरीज कायम एकच. लोखंडी बटणाची मर्यादा फायलीतूनच ठरली.

म्हणजे डाव्या चॅनेलची व्याख्याच बदलली. आधी तो 'बोलणं' होता. आता तो 'या क्षणी जे सुटता कामा नये ते' झाला. पट्टीवर मात्र मी 'बोलणं'च ठेवलं, कारण नाही तर पट्टी हातभर झाली असती. सव्वादोन तासांच्या नाटकाला ही वाटणी लिहायला मला तीन आठवड्यांच्या रात्री लागल्या. यंत्राला नव्हे, कानाला.

फूटमाइकांनी एक मर्यादा आधीच घालून ठेवली होती, तीही सांगायला हवी. पेटी रंगमंचासमोर खाली, मधल्या फूटमाइकपासून साधारण चार मीटरवर. तिचा आवाज तिथं पोचायला पावणेबारा मिलिसेकंद लागतात आणि तो नटाच्या वाक्याबरोबर फूटमाइकमध्ये शिरतो. पेटीचे दोन्ही माइक बंद केले तरी पेटी होतीच. शिवाय पेटीचा जवळचा माइक आणि फूटमाइकात शिरलेली पेटी एकत्र आली की आवाज डब्यातल्यासारखा पोकळ होई. जवळचा माइक ५६० सॅम्पलनं, म्हणजे जवळपास तेवढ्याच वेळानं, मागे सरकवल्यावर तो बराच सुधारला. पण 'पेटी अजिबात नको' असं बटण मला कोणी मागितलं असतं तरी देता आलं नसतं. रंगमंचावरच्या मुद्रणात सुटे ऑब्जेक्ट नसतात, एकमेकांत शिरलेले शेजारी असतात.

वाढवलं की कमी होते

ऑगस्टमधला पहिला रविवार. नवी फाईल, नवी वाटणी, मी आत्मविश्वासानं मागे बसलेली. पद आलं. काका उठले, ॲम्पपाशी गेले, 'पेटी-तबला' वाढवलं आणि पेटी कमी झाली. अजून वाढवलं, अजून कमी. "हे बघ," ते म्हणाले, "मी हिला पुढं बोलावतोय आणि ही लाजून आत जातेय."

चूक माझीच होती. माइकच्या चौथ्या इनपुटला तीन पायांची एक्सएलआर पिन होती. त्यात सिग्नल दुसऱ्या पायावर जोडायचा आणि तिसरा पहिल्याबरोबर जमिनीला. मी रात्री साडेअकराला डाग देताना सिग्नल तिसऱ्यावर दिला होता. आवाज येतो, पण उलटा येतो: ०.७ अधिक ०.३च्या जागी ०.७ वजा ०.३. आधीच्या फायलीत, जिथं दोन्ही चॅनेलमध्ये वेगवेगळे आवाज होते, तिथं ही चूक महिनाभर कोणाला कळलीच नव्हती. त्यानंतर प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला मी अर्धा मिनिट एकच सूर दोन्हीकडे सारखा ठेवला आहे. एक बटण उघडा, मग दुसरं. आवाज वाढला तर वायर बरोबर, दबला तर उलटी. हे आता कार्यवाह स्वतः तपासतात आणि 'शुभारंभ' म्हणतात.

हेडफोनचं भोक ॲम्पनं अडवलं होतं, तिथं वाय-कॉर्ड लावून दोन लांब वायरी काढल्या. त्यातून फक्त डावा चॅनेल दोन हेडफोनना दिला, दोन्ही कानांत तोच. त्यात गद्य पुढे, पदात साथ आहे, वन्स मोअरचा गलका आहे. उजवं बटण बंद केल्यावर जे मिळतं तेच, फक्त खोलीच्या घुमण्याशिवाय. काकू आता हेडफोन लावून बसतात आणि हॉलचं बटण काकांच्या मर्जीवर असतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त उपयोग या दोन वायरींचा झाला. नाही तर एका हॉलमध्ये एकच बटण म्हणजे वैयक्तिक निवड कसली, ती ग्रामसभा होते. श्रवणयंत्रातल्या टेलिकॉइलसाठी (लूपमधून थेट आवाज पकडणाऱ्या वेटोळ्यासाठी) जमिनीखालून वायरीचा लूप टाकता येतो आणि तो याहून नीटस उपाय आहे, पण त्यासाठी फरशी काढायला संघ तयार नव्हता.

घरी नेणाऱ्यांसाठी

मग सगळ्यांना पेनड्राइव्ह हवा झाला. हॉलची फाईल घरी लावली तर बोलणं डाव्या स्पीकरमधून आणि पेटी उजव्यातून आली असती, म्हणून घरची प्रत वेगळी. त्यात सरळ दोन तयार मिश्रणं, दोन ट्रॅक. मी आधी तीन केली होती, तिसरं कोणी लावलंच नाही. पहिला ट्रॅक साधाच ठेवला, कारण जुनं यंत्र डोळे मिटून पहिलाच ट्रॅक उचलतं.

दोन ट्रॅकच्या आवाजाची पातळी जुळवताना मी एकूण आवाज सारखा केला नाही, बोलण्याचा सारखा केला. 'स्पष्ट' ट्रॅकमध्ये बोलणं न वाढवता साथ उतरवली. एकूण आवाज सारखा करायला गेलं तर ट्रॅक बदलताच नट अंगावर ओरडतो. आणखी एक खड्डा होता. सुरुवातीला एक ट्रॅक एएसीत आणि दुसरा एसी-३मध्ये केला होता. एसी-३मध्ये बोलण्याची पातळी लिहिलेली असते आणि डिकोडर ती वजा एकतीस डेसिबलवर आणून ठेवतो. माझी वजा तेवीस होती, म्हणजे तो ट्रॅक आठ डेसिबलनं खाली गेला. दोन्ही एसी-३ केल्यावर भांडण मिटलं.

नावाचा प्रश्न उरला. पडद्यावर भाषाच दिसते तर दुसऱ्या ट्रॅकला मी भाषा 'हिंदी' लिहिली. हा जुगाड आहे आणि विक्रीच्या प्रतीत मी तो कधीच करणार नाही. पण एका आजोबांचा फोन आला, "अगं, हिंदी लावलं तरी मराठीच बोलतायत. पण काय स्वच्छ बोलतायत!" म्हणजे पोचलं.

खंत एका गोष्टीची वाटते. या जुन्या मानकांत अशा ट्रॅकसाठी जागा पहिल्यापासून आहे. एमपीईजी-२च्या प्रवाहात भाषेच्या शेजारीच 'कमी ऐकू येणाऱ्यांसाठी' अशी खूण लिहिता येते. एसी-३च्या १९९५च्या मानकात तर फक्त संवादांचा एक प्रवाह आणि फक्त संगीत-परिणामांचा दुसरा, आणि दोन्ही घरी एकत्र करायचे, अशी सोय लिहिलेली आहे. म्हणजे काकूंचं बटण तेव्हाच कागदावर होतं. पण त्यासाठी टीव्हीत एकाच वेळी दोन डिकोडर लागतात, आणि तो खर्च सहसा कोणी केला नाही.

एका सभासदांच्या कर्वेनगरच्या घरी ५.१चा जुना संच होता, त्यांच्यासाठी तिसरी प्रत केली. बोलणं मधल्या स्पीकरला, साथ डाव्या-उजव्याला, प्रेक्षक मागे. त्यांच्या रिमोटवर 'सेंटर'ची पातळी बदलता येते, तेच त्यांचं बटण. ही प्रत साध्या टीव्हीवर लावली तर मधला स्पीकर दोन्हीकडे तीन डेसिबल उतरवून मिसळतो आणि मागचे मी फायलीत लिहिल्याप्रमाणे सहा. वन्स मोअर तेवढा मी पुढेही थोडा ठेवला आहे. एकदा पोळले होते.

पुढचा प्रयोग

दिवाळीनंतर त्याच संस्थेचं दुसरं नाटक मुद्रित करायचं ठरलं. त्यांच्याकडे जुन्या प्रयोगाची एक व्हीएचएस प्रतही होती, एकच माइक, एकच ट्रॅक. आवाज सुटे करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ती काढून पाहिली. बोलणं आणि पेटी यांच्यात थोडं अंतर केलं तोवर ठीक, त्यापुढे नटांचे शब्द पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडायला लागले. ते मी तिथंच सोडलं.

नव्या प्रयोगाच्या तालमीला जाऊन पेटीवाल्या काकांना म्हटलं, "काका, पेटी दोन मीटर बाजूला घेतली तर फूटमाइकात कमी शिरेल." त्यांनी भाता न थांबवता मान हलवली. "नटाचे ओठ दिसले नाहीत तर सूर कधी द्यायचा, ते तू सांगणार का?" ओठ दिसायला हवेत हे मला मान्य करावं लागलं. बऱ्याच बोलाचालीनंतर पेटी आणि फूटमाइकांच्या मध्ये एक जाड गादी उभी करायला ते तयार झाले. गादी नाट्यगृहाची नको, धूळ फार असते, घरून आण, एवढीच त्यांची अट होती.